टाळ्या कापलेल्या कॅसेटी

मिलिंद,

तुझ्या जलदान विधीला आलेली मंडळी जेवून पांगली, तेव्हा संगीतावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तीच आपली खोली. रेकॉर्डींची फळी जागेवर, प्लेअरवर तुझा जुना टॉवेल पांघरलेला, आणि तुझ्या खुर्चीत कुणीतरी धुतलेली पातेली पालथी घालून ठेवलेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक मागायचं हाय. न्हाई म्हनू नका."

मला वाटलं, दुकानाचं काही असेल. तू अर्धवट वाइंडिंग भरून ठेवलेल्या पंपाच्या दोन मोटारी तिथं अजून उघड्या पडल्या आहेत, त्यांचे मालक चकरा मारत असतील. पण वहिनींना वेगळंच हवं होतं. "तुमच्या कॅशिटीत त्यांचा आवाज आसंल न्हवं? बारकीसाठी ठेवायचा हाय. तिला आजून दोन वर्संबी न्हाईत. तिला बाप काय आठवनार?"

मी म्हणालो, "आहे की. असणारच."

"लग्नाची कॅशिट हाय, पन त्यात शूटिंगवाल्यानं सगळीकडं पिच्चरची गानी टाकल्यात. ह्यांचं तोंड हालतंय आन् गातंय दुसरंच कुनीतरी."

एवढं बोलून त्या थोडं हसल्या. मी पण हसलो. नऊ वर्षं रविवारच्या दुपारी त्या खोलीत आपण दोघं बसलो, बेचाळीस कॅसेटी भरल्या. तू काही मौनव्रताचा माणूस नव्हतास. आवाज कुठं ना कुठं निघणारच, असं मी धरून चाललो. मिलिंद, मी माती खाल्ली. त्या बाईला मी शब्द देऊन बसलो आणि घरी येऊन पहिली कॅसेट लावली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

तुमच्या वसाहतीच्या वाचनालयवाल्यांनी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुझा जन्म, शिक्षण, जयंती मंडळातलं काम, हे सगळं दुसरं कोणीही माझ्यापेक्षा नीट लिहील. मी कोर्टातला टायपिस्ट. मला दुसऱ्याची वाक्यं चूक न करता उतरवता येतात. पण ही चूक माझी आहे, आणि ती तुलाच सांगायची आहे. तेव्हा ही दोन पानं तुलाच लिहितो. वाचनालयवाल्यांना पटली तर छापतील.

पाथर्डीकडचा मी, नवीनच नोकरीला लागून नगरात आलो होतो. भिंगारला खोली घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात टेबलफॅन जळाला, तो भरून घ्यायला तुझ्या दुकानात आलो. मागच्या खोलीतून हजारो माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी विचारलं, "मागं सभा चालू आहे का?" तू मान वर न करता म्हणालास, "सभा न्हाई, गानं हाय. बस. हे संपूं दे, मग तुजा फ्यान बघतो." तो फॅन मला पंधरा दिवसांनी मिळाला. तोपर्यंत मी रोज येत होतो आणि मला वाटत होतं की मी फॅनसाठी येतोय.

तुझे वडील भिंगारच्या लष्करी कॅम्पात ऑफिसरांच्या मेसमध्ये वाढपी होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबानं त्यांना तो प्लेअर आणि सहा रेकॉर्डी देऊन टाकल्या. पाचांवर स्टुडिओत गायलेली गाणी होती. सहावी मात्र लोकांसमोर वाजवलेली. पुढं तू त्या पाच कुणाला तरी वाटून टाकल्यास आणि सहावी ठेवलीस. मला ते तेव्हा येडेपणाचं वाटलं. स्टुडिओतलं गाणं किती स्वच्छ असतं, एक खोकला नाही, एक चूक नाही. तू म्हणालास, "आरं, आपल्या वस्तीत गायनाचा कारेक्रम मानसांबिगर झालाय का कदी? समोरून कुनी वा म्हनलं न्हाई, तर गानाऱ्यानं गायचं कुनासाटी? भिताडासाटी?" जयंतीच्या कार्यक्रमांत तू लहानपणापासून कर्ण्याच्या खांबाखाली बसलेला. गायक कडव्यात थोडा थांबला की समोरची मंडळी काय करतात, ते तुला तोंडपाठ. सातासमुद्रापारच्या लांब केसवाल्यांच्या रेकॉर्डीत तुला तेच सापडलं होतं. शब्द तुलाही कळत नव्हते आणि मलाही. त्या बँडची नावं मी इथं लिहीत नाही. तू ती सगळी चुकीची म्हणायचास आणि मला आता तुझीच बरोबर वाटतात.

या नादातले नगरात आपण दोघंच असू. तिसरा असता तर भंगारवाल्याकडं भेटला असता. कॅम्पातले साहेब बदलीवर निघाले की त्यांचं सामान त्याच्याकडं यायचं. एव्हाना सगळे कॅसेटीवर गेले होते, रेकॉर्डी कुणाला नको होत्या. भंगारवाला शिस्तीचा माणूस. पुठ्ठा पुठ्ठ्यात आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्ये. म्हणजे रेकॉर्डींची कव्हरं रद्दीत आणि रेकॉर्डी बादल्या-मगांच्या ढिगात. आपल्याकडं कव्हर नसलेल्या रेकॉर्डी होत्या आणि रेकॉर्डी नसलेली कव्हरं. कुठली कुणाची, याचा मी मधल्या लेबलावरून शोध घ्यायचो. तू लेबलाकडं बघायचासच नाहीस. थोडं ऐकून म्हणायचास, "ही त्याच गावातली मानसं हायेत. मागच्या रेकॉर्डीतली. टाळी बग की, सावकाश सुरू हुती." तुझं एकदाही बरोबर निघालं नाही, पण ऐट अशी की मी गप्प बसायचो.

प्लेअरचा पट्टा तुटला, तेव्हा तू सायकलच्या ट्यूबचा कापून बसवलास. तो अंमळ जाड झाला आणि सगळी गाणी कणभर पळायला लागली. पुढं पुण्यात एका दुकानात त्यातलं एक गाणं खऱ्या चालीत ऐकलं, तर मला तो गाणारा आजारी वाटला. आणि भिंगारचं व्होल्टेज पडलं की आपल्याकडचाही गाणारा एका कडव्यात म्हातारा व्हायचा. तू हात वर करून म्हणायचास, "थांब, येतोय परत तरुन हून." तो यायचाही.

खोलीचा एक नियम होता. तुझाच. गाणं चालू असताना कुणी शब्द बोलायचा नाही. वहिनींनीसुद्धा नाही. जे काय बोलायचं ते टाळ्या वाजायला लागल्या की. रेकॉर्डीतली माणसं ओरडायला लागली की तू सुटायचास. दुकानातल्या भानगडी, मंडळातली भांडणं, त्या गिटारवाल्यानं मधे काय केलं, वहिनींना दिवस गेल्याची बातमीसुद्धा तू मला टाळ्यांतच दिलीस. पुढचं गाणं सुरू झालं की वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प. राहिलेलं वाक्य पुढच्या टाळ्यांना. इतका कडक नियम कोर्टातही मी पाहिला नाही.

आणि मी काय करायचो? मी टेपरेकॉर्डर घेऊन यायचो. घरी प्लेअर नव्हता, म्हणून कॅसेट भरून न्यायची. तुला म्हणालो, एक वायर काढून दे, म्हणजे आवाज सरळ प्लेअरमधून कॅसेटीत उतरेल. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या माणसाला एक वायर जोडायला काय होतं? पण तू अडून बसलास. "वायरीनं मेल्यावानी आवाज येतो. खोलीत वाजतंय तसं घे." झालं. टेप स्टुलावर स्पीकरसमोर ठेवायचा, आतल्या माइकवर भरायचं. मग खोलीतलं सगळंच त्यात यायचं. त्यावर मी माझी तोड काढली. टाळ्या सुरू झाल्या की मी पॉजचं बटण दाबायचो आणि पुढचं गाणं सुरू होताना सोडायचो. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एखादं गाणं जास्त बसायचं, आणि घरमालकाचं "काय दंगल चाललीय वर?" हेही ऐकावं लागायचं नाही. टायपिस्टला खाडाखोड नसलेला कागद आवडतो. तशी माझी कॅसेट. गाणं, गाणं, गाणं.

यावरून आपण किती भांडलो. "आरं, तू मानसं कापतोस," तू म्हणायचास. "गानं काय, ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात बी तेच गानार. त्या दिवशीची ती मानसं परत कुठं गावनार?" मी म्हणायचो, "मी कॅसेट गाण्यासाठी विकत घेतो, गोंगाटासाठी नाही. गोंगाट मला बसस्टँडवर फुकट मिळतो." एकदा मी तुला हट्टी म्हणालो, तू मला कारकुंडा म्हणालास, आणि दोन रविवार मी आलो नाही. तिसऱ्या रविवारी आलो तर तू टेपसाठी स्टूल पुढं सरकवलंस.

सगळ्यात जास्त भांडण राहात्याच्या रेकॉर्डीवरून. तिथल्या एका लॉजवाल्याकडं कुणी परदेशी पाहुणा खोकं विसरून गेलाय, असं तुला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. आपण एसटीनं गेलो. खोक्यात जुने कपडे, स्टोव्ह आणि तळाशी ती एक रेकॉर्ड. परतीला उभ्यानं यावं लागलं, तरी तू ती छातीशी धरून होतास. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय रं पोरा त्यात?" तू म्हणालास, "मानसं हायेत, बाबा. लांबची."

त्या रेकॉर्डीत तुझा लाडका शिट्टीवाला होता. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं संपतं, टाळ्या कोसळतात, आणि सगळ्यांच्या वरून एकाची शिट्टी जाते. लांब, दोन वळणांची. तू ती ऐकण्यासाठी अख्खं गाणं वाट बघायचास. "हा आता कुठं आसंल रं, सुध्या? म्हातारा झाला आसंल. मेला बी आसंल. पन शिट्टी हाय बग." मी म्हणालो, "माझ्या कॅसेटीत नाही." विनोद म्हणून म्हणालो होतो. तू हसला नाहीस.

यंदाच्या दिवाळीनंतर तू हट्टच धरलास. सगळ्या कॅसेटी परत भरायच्या, टाळ्यांसकट. नव्वदच्या कोऱ्या कॅसेटींचं पाकीट तू स्वतः आणून ठेवलंस. मी म्हणालो, पुढच्या रविवारी. मग कोर्टात काम वाढलं. मग गावी जावं लागलं. मग खरंच काही कारण नव्हतं, नुसता कंटाळा. तू दर वेळी विचारायचास आणि मी दर वेळी पुढचा रविवार द्यायचो. तारखा द्यायची सवय मला कोर्टानंच लावली असावी. आणि त्या गुरुवारी दुपारी छातीत कळ आली म्हणून तू दुकानात स्टुलावर बसलास, आणि परत उठला नाहीस. आपला वाद तसाच पडून राहिला, आणि आता दुसऱ्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

वहिनींना शब्द दिल्यापासून मी रोज कामावरून येऊन कॅसेटी ऐकतोय. बेचाळीस, दोन्ही बाजू. मिलिंद, त्या खोलीतलं सगळं आहे रे त्यात. कुकरची शिट्टी आहे. रिक्षा थांबल्याचा आवाज आहे. तुमची कोंबडी आहे. एका गाण्यात समोरच्या घरातली बाई कुणाला तरी शिव्या देते आहे, अगदी स्पष्ट. शेवटच्या कॅसेटींत बारकीचं रडणं आहे, आणि तिला उचलून बाहेर नेणारी वहिनींची पावलं. फक्त तू नाहीस. गाणं चालू असताना तू नियम पाळून गप्प, आणि तू बोलायला तोंड उघडलंस की माझं बोट बटणावर. नऊ वर्षं मी नेमाने, न चुकता तुला कापत आलो. टायपिंगच्या परीक्षेत मला मार्क पडले होते ते याच बिनचूक हाताला.

बत्तिसाव्या कॅसेटीच्या आसपास मला तुझा फार राग आला. कशाला पाळत होतास तो नियम? एकदा तरी मधे खोकायचं होतंस. मग माझाच राग आला. मग कुणाचाच आला नाही, नुसता बसून राहिलो.

राहात्याची रेकॉर्ड एकोणचाळिसाव्या कॅसेटीत आहे. दुसरी बाजू, पहिलं गाणं. गाणं संपत येतं, तेवढ्यात बांगड्या वाजतात. मग बशीवर कप टेकल्याचा आवाज. मला आठवलं. वहिनींनी चहा आणला होता, गाणं चालू म्हणून त्यांनी न बोलता कप पुढं धरला, मी तो उजव्या हातात घेतला. बटण दाबायचा हात अडकला. टाळ्या सुरू झाल्या. खुर्ची कुरकुरली. आणि तू म्हणालास, "ए सुध"

आणि खट्. पुढचं गाणं.

तेवढंच आहे. तू माझं नावसुद्धा पुरतं घेऊ शकला नाहीस. शिट्टी यायच्याही आधी मी डाव्या हातानं बटण गाठलं होतं. तू पुढं काय बोलणार होतास ते मला आठवत नाही. मी खूप डोकं खाजवलं. कदाचित शिट्टी ऐक म्हणणार असशील, कदाचित चहात साखर कमी आहे म्हणणार असशील. त्या क्षणी ऐकलं होतं मी, समोरच बसलो होतो. विसरलो.

ही कॅसेट वहिनींना न्यावी की नाही, याचा मी चार दिवस घोळ घातला. एवढ्याशा तुकड्यानं त्यांना जास्तच लागेल असं वाटत होतं. खोटं सांगावं, कॅसेटी खराब झाल्या म्हणावं, इथपर्यंत मन गेलं. शेवटी रविवार आला आणि पाय आपोआप तुझ्या घराकडं वळले.

वहिनींनी खुर्चीतली पातेली काढली होती. तरी त्या तिथं बसल्या नाहीत, मीही नाही. बारकी जमिनीवर टिनच्या डब्याशी खेळत होती. मी टेप स्टुलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बटणाचं, टाळ्यांचं, सगळं. त्या ऐकून घेत होत्या. मग मी लावलं. बांगड्या वाजल्या तशा त्या चमकल्या. "ह्या माज्या." कप वाजला. "तवा मीच च्या आनला हुता?" मी मान हलवली. मग तू आलास आणि गेलास.

"आन् पुडं?"

"पुढं मी बटण दाबलं, वहिनी."

वहिनी म्हणाल्या, "आमाला न्हाई, तुमालाच हाक मारली त्यांनी." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या उठल्या, फळीवरून ते कोऱ्या कॅसेटींचं पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. वर तुझ्या अक्षरात, मोटारीवर मालकाचं नाव घालायच्या त्याच जाड पेनानं लिहिलेलं: सुध्या, टाळ्यांसकट.

मला तुला एवढंच सांगायचं होतं की तुझं बरोबर होतं. ते मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, आणि नऊ वर्षांत ते म्हणायला मला शेकड्यांनी रविवार मिळाले होते. त्या खोलीत तू माझ्या टेपला स्टूल दिलंस, भाड्याच्या खोलीत एकटा सडला असता अशा माणसाला एक ठिकाण दिलंस, त्याबद्दलही कधी काही म्हणालो नाही. तेही टाळ्यांतच म्हणायचं राहून गेलं.

"परत लावा," वहिनी म्हणाल्या.

मी कॅसेट मागं घेतली. परत लावली. परत मागं घेतली. दर वेळी बांगड्या, कप, खुर्ची, तू, खट्. तिसऱ्या वेळी वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आसंच वरडायचे." चौथ्या वेळी तुझी ती अर्धी हाक आली आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, मोठ्यानं निघून गेलं, "ओ!"

बारकीनं डबा सोडला. माझ्याकडं बघितलं. आणि मग वळून तुझ्या खुर्चीकडं बघत बसली.